दाराकडची जागा

"तेजल भिंतीकडे. तिच्याशेजारी जयाताई. मग मी. मग अक्षू," सुगंधा म्हणाली.

बाळा स्टुलावर उभा होता. दोन्ही हात वर माटवीत अडकलेले, दातांत सुतळीचा तुकडा. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या त्या लाकडी चौकटीला तो नारळ, काकड्या, सुपारीचे घोस, रानातली कवंडळं बांधत होता. सुतळी तोंडातून काढल्याशिवाय त्याला बोलता येणार नव्हतं. म्हणूनच तिने विषय आत्ता काढला होता.

"अक्षू दाराकडे. म्हणजे बाथरूमला जायला कुणाला ओलांडायला नको. तू आणि भावजी मखराच्या पलीकडे. कळलं ना?"

"अं."

"आणि जयाताई म्हणाल्या पोरी पोरी एकत्र झोपू देत, की तू लगेच मान हलवायची नाही. तुझी मान फार लवकर हलते."

बाळाने मान हलवली.

भिंत. तेजल. जयाताई. सुगंधा. अक्षता. दार.

ही ओळ तिने गेला आठवडाभर डोक्यात मांडली होती. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ती मसाल्याच्या पाकिटांना सील मारणाऱ्या मशीनवर काम करायची. पाकीट बाहेर आलं की तळव्याखाली हलकेच दाबून बघायचं, हवा सुटते का. दिवसभर तेच. ओळ पण ती तशीच दाबून बघत होती. तेजल रात्री पाणी प्यायला उठली तर? जयाताईंचा हात झोपेत इकडे पडला तर? कुठून तरी हवा सुटत होती. कुठून ते सापडत नव्हतं.

एक खोली आणि एक स्वयंपाकघर. परबांचा गणपती आधी गावाला बसायचा. गावचं घर बंद पडलं तेव्हापासून तो चारकोपला आला, पण घरातली रीत गावचीच राहिली. पहिल्या रात्री देवाला एकटं सोडायचं नाही. समई विझू द्यायची नाही. घरातल्या सगळ्यांनी देवापुढे, एकाच खोलीत निजायचं. बाळाचे थोरले भाऊ धोंडू हा नियम मोडू देत नसत. सूट होती ती त्यांची बायको जयाताई आणि मुलगी तेजल यांना; तेजलचा सकाळचा क्लास असायचा म्हणून आजवर त्या रात्री मुलुंडला परत जायच्या. या वर्षी तेजलने फोनवर जाहीर केलं होतं, "काकी, मी राहणार! अक्षूसोबत फुल नाइट!"

सुगंधा म्हणाली होती, "ये ना, ये."

दुसरं काय म्हणणार?

*

अक्षता सहावीत होती. अभ्यासात बरी, खो-खोत चपळ, आणि रात्री अंथरूण ओलं करायची.

या तीन गोष्टी सुगंधा कधी एका वाक्यात म्हणत नसे. पहिल्या दोन ती सगळ्यांना सांगायची. तिसरी घरातल्या तिघांनाच ठाऊक होती आणि आता डॉक्टरीणबाईंना. त्यांच्याकडे जाण्याआधी सुगंधाने करून पाहायचं ते सगळं पाहिलं होतं. दिवेलागणीनंतर पाणी बंद. झोपेतच काखेत धरून बाथरूमपर्यंत नेणं. कुणी दिलेला काळा दोरा. एकदा, एकदाच, पाठीत धपाटा, आणि मग सकाळपर्यंत स्वतःच रडणं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सुगंधाला सोडून अक्षताला विचारलं, "शाळेत पाणी पितेस?"

"नाही."

"का गं?"

"तिथल्या बाथरूमला कडी नाही."

सुगंधाला हे माहीत नव्हतं. दिवसभर कोरडी राहून पोरगी संध्याकाळी घरी येऊन घटाघटा प्यायची, आणि आई ते पाणी काढून घ्यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसा पाणी वाढवा, शाळेत कडी लावून घ्या, पोट साफ राहू द्या. झोपेत उचलून नेऊन ती काही शिकणार नाही, जाग तिची तिला यायला हवी. "आणि एक लक्षात ठेवा. ती हे करत नाही. तिच्याकडून होतं." आणि एक घंटा दिली. काडेपेटीएवढी. तिची वायर कपड्याला चिमट्याने लावायची, पहिला थेंब पडला की ती बोंबलते.

बोंबलते म्हणजे काय बोंबलते! पहिल्या रात्री बाळा ताडकन उठून गॅस बंद करायला धावला. शेजारच्या नीलाने सकाळी विचारलं, "रात्री काय वाजत होतं गं?" सुगंधाच्या तोंडून निघून गेलं, "उंदरांचं मशीन आहे. आवाजाने पळतात." तेव्हापासून नीला मागे लागली होती, "मला पण मागव ना. आमच्याकडे घुशी झाल्यात."

सगळा मजला जागा व्हायचा, एक अक्षता सोडून. तिला सुगंधाच हलवून उठवायची. पण गेले काही आठवडे डाग लहान होत चालला होता. काही रात्री घंटा वाजलीच नव्हती. अशा सकाळी सुगंधा गादीवर तळवा दाबायची. कोरडी. मग पुन्हा दाबायची.

आज घंटा लावता येणार नव्हती. ती तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली होती.

काल रात्री अक्षताने अंधारात विचारलं होतं, "आई, बाप्पासमोर झालं तर?"

"नाही होणार."

"पण झालं तर? सोवळं मोडतं ना? काकी सांगत होत्या, देवाच्या खोलीत..."

"झोप आता."

*

बा म्हाराजा, आजची एवढी एक रात्र तिला

तेल तापलं. सुगंधाने वडे सोडले.

*

दुपारी मुलुंडची मंडळी आली. आधी तेजलचा आवाज, मग तेजलचा मोबाइल, मग तेजल. तेरा वर्षांची, डोक्याला गजरा, पायात स्पोर्ट्स शूज. "अक्षूऽऽ! काय यार, उंच झालीस तू! चल, माटवीसोबत रील बनवू." मागून जयाताई, हातात घट्ट बांधलेला मोदकांचा डबा. आणि सगळ्यांच्या मागून, जिना चढताना प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत धोंडूभाऊ.

धोंडूभाऊ गिरणीत असताना साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात त्यांचे कान निम्मे गेले होते. गिरणी गेली, ते आता मुलुंडला एका सोसायटीचा पाण्याचा पंप सांभाळायचे, पण आवाज मात्र गिरणीतलाच राहिला होता. त्यांची कुजबुज खालच्या मजल्यावर ऐकू जायची. आणि त्या आवाजामुळेच त्यांचं गाऱ्हाणं प्रसिद्ध होतं. आरती झाली की देवापुढे उभं राहून ते घरादाराचं सुखदुःख मोठ्याने मांडायचे आणि सगळी खोली "होय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायची. आता शेजारपाजारचे पण येऊन आपलं त्यांच्या कानात घालून जायचे. कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाचा गुडघा.

"काकी, मी आणि अक्षू भिंतीकडे झोपणार हां," तेजल बॅग टाकतानाच म्हणाली. "तिथे चार्जिंगचा पॉइंट आहे."

"अगं, अक्षूला उकडतं. ती दाराकडे..."

"मग फॅन आहे ना!"

"झोपू देत गं पोरी पोरी," जयाताई म्हणाल्या.

बाळाची मान हलली.

भिंत. अक्षता. तेजल. जयाताई. सुगंधा. दार.

अक्षताने आईकडे पाहिलं. सुगंधाने वड्यांची परात उचलली. त्या ओळीत भिंतीपासून दारापर्यंत तीन माणसं ओलांडायची होती, मखराच्या तोरणाच्या उजेडात, पायाखाली तेजलच्या मोबाइलची वायर. आणि पोरगी तर मुळात उठतच नव्हती.

*

संध्याकाळी ती चहा गाळत होती, तेव्हा धोंडूभाऊ स्वयंपाकघरात आले. असे ते कधी येत नसत. दाराला टेकून त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे साधारण माणसाच्या बोलण्याएवढा केला.

"सुगंधा, बाळान माका सांगितल्यान."

"काय भावजी?"

"अक्षताचा. अंथरुणाचा." त्यांचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्सां तू एकटीच वढतंस गो. माका आधी कित्याक नाय सांगलंस? आज मी गाऱ्हाण्यात घालतंय. देव काय बहिरो नाय."

सुगंधाने चहाचं गाळणं खाली ठेवलं.

"नको भावजी. सगळे असतील. तिच्या वर्गातल्या मुली येतात, त्यांच्या आया..."

"काय?"

तिने आवाज चढवला तर बाहेर ऐकू जाणार होतं. खाली आणला तर त्यांना ऐकू येणार नव्हतं. तिने मान हलवून, हात हलवून नको नको केलं.

त्यांना तो संकोच वाटला. "सगळे होयेच गो. होय म्हणूक माणसां नसली तर गाऱ्हाणा देवाक पोचता खय?"

आणि त्यांनी स्वतःच कप उचलला, तिच्या डोक्यावर थोपटलं आणि बाहेर गेले.

बाळाला तिने बाथरूमच्या बोळात गाठलं. तो हातपाय धूत होता. खांद्यावर नवा पंचा.

"तू भावजींना सांगितलंस?"

"हळू बोल."

"हळू? आता हळू? तासाभरात अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाणार आहे!"

"अगं, देवाला सांगायचंय..."

"देवाला कुणी बहिऱ्या माणसाकरवी सांगतं? तुला कळतं का काय वाट लागेल पोरीची? परत शाळेत जायचंय तिला!"

बाळाने नळ बंद केला. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"मग मी काय करू?" तो म्हणाला. "तू मला रात्री उठू देत नाहीस. 'झोप तू, सकाळी साकीनाका गाठायचाय.' चादर धुवायला घेतली तर हातातून काढून घेतेस. डॉक्टरकडे तू. शाळेत कडीसाठी भांडायला तू. घंटा वाजते, मी डोळे मिटून पडून असतो, तुला वाटतं झोपलाय. माझी पण मुलगी आहे ना ती? माझ्याकडे एक भाऊ आहे आणि एक देव आहे. तेवढंच आहे."

हे त्याने एका दमात सांगितलं. लग्न झाल्यापासून तो इतकं सलग कधी बोलला नव्हता. दुसरा कुठलाही दिवस असता तर सुगंधा तिथेच पायरीवर बसली असती.

"जा," ती म्हणाली. "आत्ता जा आणि त्यांना थांबव."

"जातो."

बाहेर टाळ वाजला.

*

बा म्हाराजा, त्यांचा आवाज बसू दे. नाहीतर लाइट जाऊ दे. लाइट नको, पंखा नाही चालला तर माणसं तरी लवकर... नाही, तसं नाही, म्हाराजा, माझं एवढंच म्हणणं

*

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नीला आणि तिचा नवरा. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश, झब्बा घालून. अक्षताच्या वर्गातली अबोली आणि तिची आई रेवती. दारात, जिन्यात माणसं. तेजल स्टुलावर चढून मोबाइल धरून होती.

बाळा माणसांतून सरकत भावापर्यंत पोचला, हे सुगंधाने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत नैवेद्याचं ताट होतं. बाळा भावाच्या कानाशी वाकला. धोंडूभाऊ डोळे मिटून आरती म्हणत होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. बापाच्या जागी असलेल्या या माणसाला आरतीच्या मध्ये थांबवायचं, असं परबांच्या घरात कुणी कधी केलं नव्हतं. बाळाने तोंड उघडलं आणि त्यातून आरतीच बाहेर पडली.

एक आरती संपली, दुसरी लागली. सगळ्या संपल्या. कापूर फिरला. धोंडूभाऊंनी नारळावर हात ठेवला. खोली शांत झाली.

"बा देवा गणपती म्हाराजाऽ!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या परबांच्या लेकरांनी तुझी जी काय येडीवाकडी सेवा केलेली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"काय चुकला माकला असात, ता पदरात घे. बाळाच्या कारखान्याक काम मिळत ऱ्हवांदे."

"होय म्हाराजा!"

"शेजारच्या नीलाच्या घोवाच्या गुडघ्याक आराम पडांदे. ह्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटात जो कोण आडो पाय घालीत असात, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"होऽय म्हाराजा!" हे सगळ्यांत जोरात झालं. सगळे चंद्रप्रकाशांकडे बघून हसले. चंद्रप्रकाशसुद्धा हसले आणि त्यांनीही होय म्हटलं.

आता.

सुगंधाला वाटलं, ताट सोडून द्यावं. स्टीलचं ताट, पाच वाट्या, केवढा आवाज होईल. सगळं थांबेल. तिने बोटांना सांगून पाहिलं. बोटं नैवेद्य सोडायला तयार होईनात.

"आणि म्हाराजा..."

"भावजी!" सुगंधा ओरडली.

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. एकच वळली नाही. धोंडूभाऊंचे डोळे मिटलेले होते आणि कान साच्यांनी नेलेले.

"...ह्या आमच्या अक्षता चेडवाचा अंथरूण रातचा ओला होता. ता सुका ऱ्हवांदे. त्यात तेचो काय एक दोष नाय. तेका सुखाची झोप लागांदे रे म्हाराजाऽ!"

सवयीने दोनचार जणांच्या तोंडून "होय" निघालं. "म्हाराजा" त्यांनी गिळलं.

मग काहीच आलं नाही.

टाळ हातात धरून माणसं उभी होती. रेवतीने अबोलीच्या खांद्यावर हात ठेवला. तेजलचा मोबाइल अजून वर होता, त्याचा लाल ठिपका चालू होता. अक्षता मखराच्या अगदी जवळ, हातात फुलांची टोपली घेऊन उभी. तिच्या अंगावर नवा परकर-पोलका होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती कुणाकडेच बघत नव्हती, समोर मूर्तीच्या पायांकडे बघत होती.

धोंडूभाऊ डोळे मिटून थांबले होते. होय आल्याशिवाय पुढचं बोलायचं नसतं.

सुगंधाने एक पाऊल टाकलं. मध्ये माणसांची भिंत.

"होय म्हाराजा," अक्षता म्हणाली.

बारीक आवाज होता. पण खोलीत दुसरा कुठला आवाजच नव्हता.

"होय म्हाराजा," बाळा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. मग नीला म्हणाली. मग तिचा नवरा, चंद्रप्रकाश, जिन्यातली माणसं, ज्यांना काय चाललंय ते नीटसं कळलंही नव्हतं. धोंडूभाऊंनी डोळे उघडले, समाधानाने नारळ उचलला आणि फोडला.

*

प्रसाद घेऊन माणसं पांगली. नेहमीपेक्षा लवकर, नेहमीपेक्षा गोड बोलत. नीला सगळ्यांत शेवटी निघाली. दारात थांबून तिने सुगंधाकडे पाहिलं.

"म्हणजे ते उंदरांचं मशीन..."

सुगंधाने मान हलवली.

"आणि मी येडी घुशींसाठी मागत बसले!" नीलाने तिचा दंड दाबला. तेवढंच, आणि गेली.

अक्षता बाथरूममध्ये होती. कडी आतून लावलेली. या घरातली कडी पक्की होती.

"अक्षू. दार उघड."

पाण्याचा आवाज.

"अक्षू, बाबांना माहीत नव्हतं काका असं सगळ्यांसमोर... म्हणजे माहीत होतं, पण..." सुगंधा दारावर कपाळ टेकून उभी राहिली. "मी थांबवायला पाहिजे होतं."

नळ बंद झाला.

"काका किती मोठ्याने बोलले," आतून आवाज आला.

"हो."

"जिन्यात पण ऐकू गेलं असेल."

"हो गं."

"अबोली बघत होती." मग, "दोष नाही म्हणाले ना ते?"

"हो."

"ते पण मोठ्यानेच म्हणाले."

हेच वाक्य सुगंधा स्वतः अंधारात, पांघरुणाखाली, कुजबुजून कितीदा म्हणाली होती.

"पण तू का होय म्हणालीस?"

"कुणी म्हणतच नव्हतं. मग ते पोचलं नसतं ना."

कडी निघाली. पोरगी बाहेर आली. डोळे सुजलेले, तोंड धुतलेलं. आईजवळ न थांबता ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याखालून तांदळाचा डबा ओढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि घंटा काढली. फुंकर मारून तिच्यावरचे तांदूळ उडवले.

"अक्षू, आज नको. सगळे उठतील."

"उठू देत. आता काय?"

बाहेर तेजल गाद्यांवर मांडी घालून बसली होती. मोबाइल पालथा ठेवलेला. अक्षता तिच्यासमोर उभी राहिली, मुठीत घंटा.

"हे वाजतं रात्री. जोरात. घाबरू नकोस."

"दाखव." तेजलने ती उलटीसुलटी करून पाहिली. "हे वाजलं की तू उठतेस?"

"नाही उठत. तोच प्रॉब्लेम आहे."

"मग फायदा काय?"

"आई उठवते."

तेजलने घंटा तिच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "मी व्हिडिओ डिलीट केला. आरतीचा ठेवलाय, गाऱ्हाण्याचा उडवला. बघायचाय तर बघ."

अक्षताने मोबाइल घेतला आणि बघितला. नीट, शेवटपर्यंत. तपासून परत दिला.

"आणि मी दाराकडे झोपणार," ती म्हणाली.

"मग मी पण. चार्जिंग गेलं उडत."

जयाताईंनी तोंड उघडलं. देवाची खोली, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. धोंडूभाऊ समईत तेल घालत होते. त्यांना शब्द लागत नव्हते, इतक्या वर्षांच्या बायकोचा चेहरा वाचता येत होता.

"गप ऱ्हव," ते म्हणाले. "पोर देवापुढे मुतला म्हणून देव काय उठान जाता?"

तेजल फिस्सकन हसली. अक्षता हसली नाही. पण तिची मान वर झाली.

भिंत. जयाताई. सुगंधा. तेजल. अक्षता. दार.

*

घंटा वाजली.

सुगंधा जागीच होती. गाऱ्हाण्यातलं एकेक वाक्य ती पुन्हा पुन्हा ऐकत पडली होती. आवाज झाला तसा तिचा हात नेहमीसारखा उजवीकडे गेला. हाताला तेजलची रिकामी गादी लागली.

तेजल उठून अक्षताकडे सरकली होती. "अक्षू. ए अक्षू! उठ, वाजतंय तुझं. उठ ना यार, कान फुटले माझे!" ती दोन्ही हातांनी तिला गदागदा हलवत होती. सुगंधा इतकी जोरात कधी हलवत नसे.

जयाताई कुशीवर वळल्या. बाळा उठून बसला आणि या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. समईशेजारी बसल्या बसल्या पेंगणारे धोंडूभाऊ तेवढे शांत होते.

"उठले," अक्षता म्हणाली. झोपेतल्या जड आवाजात, पण म्हणाली. "बंद करतेय ना."

तिने स्वतः चिमटा काढला. आवाज थांबला. दोघी समईच्या उजेडात उठल्या, एकमेकींचा हात धरून. कुणाला ओलांडायचं नव्हतं, दार जवळच होतं. बाथरूमचा दिवा लागला. आतून तेजलचा आवाज आला, "मी बाहेर उभी आहे. लवकर कर, मला पण लागलीय."

सुगंधाचा हात अजून रिकाम्या गादीवर होता. थोडं सरकलं असतं तर अक्षताची गादी लागली असती. तळवा दाबला असता की कळलं असतं, किती.

तिने हात मागे घेतला. छातीवर ठेवला. तिथे त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

*

सकाळी ऊन पडलं होतं. चहा टाकून सुगंधा बाहेर गॅलरीत आली आणि थांबली.

पुढच्या दोरीवर धोंडूभाऊंचं सोवळं वाळत होतं, बाळाचा पंचा होता, आणि त्यांच्या शेजारी अक्षताची निळी चादर. धुतलेली, नीट न पिळलेली, खालच्या टोकाने टपटपणारी. या चादरीला इतकी वर्षं बाथरूममधली दोरी ठाऊक होती. नाहीतर इस्त्री. समोरच्या गॅलरीत चंद्रप्रकाश पेपर वाचत होते. खाली रेवती दूध घेऊन चालली होती.

सुगंधा पुढे झाली. तिने चादरीचं टोक धरलं, गोळा करायला लागली.

"आई, राहू दे," मागून अक्षता म्हणाली. तिच्या हातात चहाचा कप होता, बाळाने तिला त्याच्या कपातला अर्धा ओतून दिला होता. "तिथे ऊन आहे."

वाऱ्याने चादर फुगली. एका बाजूने सरकून पडायला लागली.

सुगंधाने पदराला लावून ठेवलेला कपड्यांचा चिमटा काढला आणि चादरीला लावला.